‘पैसा नही, सर्टिफिकेट देतस’: बिनपगारी इंटर्नशिपचा हिशेब

मे महिन्यात अमळनेरला दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अशाच एका दुपारी आम्ही कूलरसमोर बसलो होतो, तेवढ्यात भाचा आला आणि घाम पुसत म्हणाला, “मामा, इंटर्नशिप मिळाली. जळगावला, टॅक्स कन्सल्टंटकडे. दोन महिने.” तो एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. मी काही बोलायच्या आत माझ्या आईने अहिराणीत विचारलं, “पैसा कितला देतस?”

“आजी, पैसे नाही. सर्टिफिकेट देतील.”

“मंग हाई बिगारच शे ना!”

भाचा हसला. “तसं नसतं गं आजी,” म्हणाला. पण मग कसं असतं, हे त्याला सांगता येईना. मलाही पटकन सांगता आलं नाही. त्यानंतर थोडं वाचलं, थोडं विचारलं, त्यातून जे समजलं ते इथे मांडतोय. दर उन्हाळ्यात हाच प्रश्न घराघरात पडतो आणि बहुतेक ठिकाणी तो “जाऊ दे, अनुभव मिळतो” एवढ्यावर मिटवला जातो.

आधी तीन शब्द वेगळे करू

सुट्टीतलं काम हे आपल्याकडे नवीन नाही. लग्नसराईत वाढपी म्हणून जाणं, कूलरच्या दुकानात गवताच्या जाळ्या बदलणं, रसवंतीवर उभं राहणं, रावेर-यावलकडे केळीच्या गाड्या भरणं, जून जवळ आला की बी-बियाण्याच्या दुकानात पावत्या फाडणं. इथे व्यवहार साफ असतो. काम केलं, रोज मिळाला. रोज कमी असेल, पण असतो.

दुसरा शब्द शिकाऊ उमेदवार, म्हणजे अप्रेंटिस. याला स्वतःचा कायदा आहे, १९६१ चा. करार होतो, त्याची सरकारी पोर्टलवर नोंद होते आणि दरमहा ठरावीक रक्कम द्यावीच लागते. तिला विद्यावेतन किंवा स्टायपेंड म्हणतात.

तिसरा शब्द इंटर्न. गंमत अशी की सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द हाच, आणि वेतनाच्या कायद्यात त्याची व्याख्याच नाही. त्यामुळे ज्याला जे वाटेल ते तो त्यात भरतो. कोणी खरंच शिकवतं, कोणी नुसत्या नोंदी करून घेतं आणि कोणी तर पोरांकडूनच पैसे घेऊन कागद देतं.

इथे मला सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुराची आठवण येते. खान्देशात सालदाराचं साल अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठरतं. वर्षाची रक्कम किती, उचल किती, धान्य काय, सुट्ट्या किती, हे ओट्यावर बसून आधी बोललं जातं. सालदारकी फार न्यायाची होती असं मी म्हणणार नाही, उचलीच्या ओझ्याखाली माणसं पिढ्यानपिढ्या वाकली. पण न शिकलेला सालदारसुद्धा पहिल्या दिवशी विचारायचा, “काय देणार?” आणि एम.कॉम. करणाऱ्या पोराला तो प्रश्न विचारायची लाज वाटते.

इंटर्नशिपचं हे पीक अचानक कुठून आलं?

कारण बरंचसं कॉलेजातच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचा अनुभव जोडला गेला. महाराष्ट्रात पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्याच वर्षी चार क्रेडिटचं ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ किंवा त्याऐवजी क्षेत्रीय प्रकल्प आला. क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं माप, जसं दुधाला लिटर. अशा कामासाठी एका क्रेडिटला साधारण ३० तास धरतात.

आता हिशेब करा. चार क्रेडिट म्हणजे १२० तास. रोज आठ तास म्हटलं तर पंधरा दिवस.

पंधरा दिवस! मग भाच्याला दोन महिने कशाला बोलावलं? मी विचारलं तर म्हणाला, “सरांनी सांगितलं, पूर्ण दोन महिने केले तरच सही देईन.” कॉलेजला हवे पंधरा दिवस, सरांना हवे साठ. मधल्या पंचेचाळीस दिवसांचा अभ्यासक्रमाशी काही संबंध नाही. आणि दोन महिने कोणते, तर जून आणि जुलै. नोकरदारांची आयकर विवरणपत्रं भरायची नेहमीची मुदत ३१ जुलै. टॅक्सवाल्यांची ही सुगी. सुगीत माणूस लागतोच, फक्त त्याला यंदा मजूर न म्हणता इंटर्न म्हटलंय.

दोष सगळा त्या सरांचा आहे असंही नाही. एकाच वर्षी हजारो पोरांना ‘कुठेतरी अनुभव घेऊन या’ म्हणून सोडलं, आणि जळगाव-धुळे-नंदुरबारमध्ये तेवढी शिकवणारी ऑफिसं आहेत का याचा विचार कमी झाला. पुरवठा जास्त आणि मागणी कमी झाली की भाव पडतो. केळीचा पडतो तसा पोरांचाही पडला, तो शून्यावर आला.

शिकणं आणि राबणं यांची सीमा

खापरावरचे मांडे शिकणारी पोरगी डोळ्यांसमोर आणा. पहिल्या दिवशी मांडा हातावरच फाटतो, पुरण चुलीत पडतं, शिकवणारी काकू वैतागते. त्या दिवशी नुकसान काकूचं आहे. तिचं पीठ जातं, वेळ जातो. त्या पोरीने मजुरी मागितली तर काकू हसेल, आणि ते बरोबरच आहे.

महिनाभराने तीच पोरगी काकूबरोबर लग्नघरी जाते आणि सकाळपासून मांडे करते. काकू यजमानाकडून पैसे घेते. आता ती पोरगी शिकतेय का? थोडं शिकतही असेल. पण तिच्या हाताने काकूचं काम उरकतंय, काकूला पैसा मिळतोय. त्यातला वाटा तिचा आहे.

ही सीमा जगभरातल्या न्यायालयांनाही शोधावी लागली. १९४७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका रेल्वे कंपनीचं प्रकरण आलं होतं. भुसावळकरांना ते लगेच समजेल. यार्डात ब्रेक्समनचं, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणाऱ्याचं काम शिकायला आलेल्या उमेदवारांना सात-आठ दिवस जुन्या कामगारांसोबत फिरवलं जायचं. त्यांना पगार द्यायचा का? न्यायालय म्हणालं, नाही. कारण त्यांच्यामुळे कोणा जुन्या माणसाचं काम वाचत नव्हतं, उलट थोडा खोळंबाच होत होता, आणि रेल्वेला लगेच कसला फायदा होत नव्हता. पुढे २०१५ मध्ये सिनेमाच्या निर्मितीत बिनपगारी राबलेल्या इंटर्नच्या प्रकरणात तिथल्या अपील न्यायालयाने कसोटी आणखी स्पष्ट केली: या नात्यात मुख्य फायदा कोणाचा? २०१८ पासून तिथलं कामगार खातंही हीच कसोटी लावतं.

आपल्या भाषेत मी ती अशी सांगेन: उद्या तू गेलाच नाहीस तर मालकाचं काय अडेल? काहीच अडणार नसेल, उलट त्याचा वेळ वाचणार असेल, तर तू शिकतोयस. पण सकाळी दहाला “आज कुठे आहेस? बिलं कोण टाकणार?” असा फोन येणार असेल, तर तू कामाला आहेस.

माझ्यावर स्वतः हा प्रयोग झालाय. अठराव्या वर्षी हिशेब शिकायला म्हणून जळगावच्या एका एजन्सीत दोन महिने गेलो. पहिला आठवडा खातेवही समजावली. नंतर मला दाणा बाजार ते गोलाणी मार्केट बिलं पोचवण्यात आणि चहा सांगण्यात तरबेज केलं. शेवटी एक डायरी दिली, तीही मागच्या वर्षाची.

आपला कायदा काय म्हणतो?

शिकाऊ उमेदवारांच्या बाबतीत कायदा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार शिक्षणाप्रमाणे दरमहा किमान ५,००० ते ९,००० रुपये विद्यावेतन. मे २०२५ मध्ये शिकाऊ उमेदवारीसाठीच्या केंद्रीय परिषदेने ते ३६ टक्क्यांनी वाढवून ६,८०० ते १२,३०० करावं अशी शिफारस केली. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ठरावीक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, चार ते एकोणतीस माणसं असतील तर ऐच्छिक. आणि काम करताना अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकाची. ही शेवटची ओळ बहुतेक जण वाचत नाहीत. जिनिंगमध्ये, लूमवर, प्लास्टिकच्या कारखान्यात बोट गेलं तर करार असलेल्या शिकाऊ उमेदवारामागे कायदा थेट उभा राहतो. तोंडी ठेवलेल्या ‘इंटर्न’बद्दल मालक सहज म्हणतो, हा तर आमचा कोणीच नाही, शिकायला यायचा.

आता इंटर्नकडे येऊ. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. संहिता म्हणजे अनेक जुने कायदे एकत्र बांधलेली मोळी. त्यातल्या वेतन संहितेने किमान वेतनाचा हक्क जवळपास सगळ्या कर्मचाऱ्यांना दिला. आधी तो सरकारच्या यादीतल्या ठरावीक उद्योगांपुरता होता. कर्मचाऱ्याच्या व्याख्येतून १९६१ च्या कायद्याखालचे शिकाऊ उमेदवार वगळलेत, कारण त्यांची सोय वेगळी आहे. बिनकराराच्या इंटर्नचा तिथे उल्लेखच नाही.

मग तो कर्मचारी धरायचा का? इथे कायदा धूसर आहे. व्याख्येत ‘वेतनावर नेमलेला’ असे शब्द आहेत. मालक म्हणू शकतो, मी वेतन ठरवलंच नव्हतं, मग हा कर्मचारी कसा? दुसऱ्या बाजूने न्यायालयं हुद्द्याच्या पाटीपेक्षा कामाचं स्वरूप बघतात, हेही जुनं तत्त्व आहे. आणि त्याहून मोठी गोष्ट संविधानात आहे. कलम २३ ने बिगार आणि वेठीवर बंदी घातली. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरल्या मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच, कारण गरज हीदेखील एक सक्तीच असते. इंटर्नशिपचं प्रकरण हुबेहूब तसं नाही, हे मान्य. तरी आमच्या आईच्या तोंडून ‘बिगार’ हा शब्द सहज निघाला आणि तोच शब्द संविधानाच्या मराठी वाचकाला कलम २३ मध्ये भेटतो, याची मला मौज वाटली.

अठराच्या आतलं पोरगं असेल तर

दहावी-बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली बरीच मुलं पंधरा ते सतरा वर्षांची असतात. त्यांच्यासाठी १९८६ चा बालकामगार कायदा आहे, २०१६ मध्ये सुधारलेला. चौदाच्या आत घरच्या धंद्यात शाळेची वेळ सोडून मदत करणं मुख्यतः एवढंच चालतं, तेही धोक्याचं काम नसेल तर. चौदा ते अठरामध्ये धोक्याची कामं पूर्ण बंद. बाकी कामांत विश्रांती धरून दिवसाला सहा तासच, सलग तीन तासांनंतर तासाभराची सुट्टी आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम अजिबात नाही.

शेवटची अट पुन्हा वाचा आणि मग आपल्याकडची लग्नाची पंगत आठवा. रात्री साडेदहाला वरणबट्टी वाढणारा, हातात बादली घेतलेला पोरगा किती वर्षांचा होता? मीही कधी विचारलं नाही.

“पण शिकवतो, ते काय फुकट?”

हा आक्षेप खरा आहे, आणि मी तो उडवून लावणार नाही. चांगला शिकवणारा माणूस स्वतःचा वेळ देतो, नवख्याच्या चुका निस्तरतो. पहिले पंधरा दिवस पैसे मागू नयेत असंच मी भाच्याला सांगितलं. मांड्याचं पीठ काकूचं जातं, हे विसरून कसं चालेल?

पण शिकवणं दिसायला हवं. कोण शिकवणार, रोज किती वेळ, शेवटी काय यायला हवं, हे सांगता आलं पाहिजे. भाच्याच्या बाबतीत उत्तर होतं, “आल्यावर कळेल.” जिथे शिकवायचं ठरलेलं नाही, तिथे शिकवण्याची किंमत कशी वजा करायची?

“आम्हीपण फुकटच शिकलो” असं म्हणणारे काका प्रत्येक लग्नात भेटतात. त्यांना आठवण करून द्यावी लागते की उस्तादाकडे राहणाऱ्या पोराचं जेवणखाण बहुधा उस्तादाच्या घरीच असायचं. आणि महाराष्ट्राच्या मातीतला शब्द ‘कमवा आणि शिका’ असा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्यात ‘कमवा’ आधी ठेवलं.

फुकट काम कोणाला परवडतं?

माझ्या मते सगळ्यात खोल जखम ही आहे, आणि हिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या एका मुलीला पुण्यात एखाद्या मोठ्या कंपनीत दोन महिन्यांची बिनपगारी संधी मिळाली असं समजा. कॉट बेसिसवर खोली, मेस, बस, मोबाईल. काटकसर करून महिन्याला दहा हजार धरा. दोन महिन्यांचे वीस हजार. शिवाय त्याच दोन महिन्यांत ती गावी काही कमावली असती, तेही गेले. म्हणजे ती ‘फुकट’ काम करत नाही, कामासाठी पैसे भरते आहे. पुण्यात मामाचा फ्लॅट असलेल्या मुलाला हाच खर्च जवळपास शून्य. तो जातो, तिला संधी सोडावी लागते.

वर्षभराने दोघांचे बायोडेटा एकाच टेबलावर येतात. त्याच्यावर मोठ्या कंपनीचं नाव आहे, तिच्यावर नाही. घेणारा म्हणतो, याला अनुभव आहे. त्याला अनुभव दिसतो, मामाचा फ्लॅट दिसत नाही.

“छोट्या दुकानदाराला कुठून झेपणार?”

खरंच झेपत नसेल तर सरकारी योजना बघायला हव्यात. शिकाऊ उमेदवारांच्या राष्ट्रीय योजनेत किमान विद्यावेतनाचा २५ टक्के हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलतं. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, लोक तिला ‘लाडका भाऊ’ म्हणतात. १८ ते ३५ वयाच्या उमेदवाराला बारावीनंतर ६,०००, आयटीआय-पदविकेनंतर ८,००० आणि पदवीनंतर १०,००० रुपये दरमहा, थेट खात्यात. आधी सहा महिने होते, पुढे मुदत वाढवली. मुदत संपल्यावर काय, या प्रश्नावर त्याच प्रशिक्षणार्थींनी आंदोलनं केली, हेही लक्षात असू द्या.

पंतप्रधान इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा २१ ते २४ वयोगटासाठी होती. बारा महिने, दरमहा ५,००० आणि एकदा ६,००० रुपये. पण ती देशातल्या मोठ्या कंपन्यांची आहे आणि तेव्हा ती पूर्णवेळ शिकणाऱ्याला नव्हती. सुट्टीतल्या पोराला तिचा उपयोग नाही.

जाता जाता एक: जिथे इंटर्नशिपसाठी ‘रजिस्ट्रेशन फी’ मागतात, घरबसल्या लाइक करून पैसे कमवा म्हणतात, किंवा तुमचं बँक खातं ‘वापरायला’ मागतात, तिथून सरळ उठा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

“विचारलं तर हाकलून देतील”

देतीलही. म्हणून आधी विचारायचं, महिना भरल्यावर नाही. भांडणाचा सूर नको. “सर, किती दिवस, रोज किती तास, काय शिकायला मिळेल, आणि शिकून झाल्यावर काम केलं तर काय द्याल?” एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून विचारायचं. तोंडी बोलणं झालं असेल तर रात्री “आज बोलल्याप्रमाणे” अशी सुरुवात करून तेच पाठवायचं. उत्तर आलं तरी तो पुरावा, निळ्या खुणा होऊन उत्तर आलं नाही तरी बरंच काही कळतं. तारखा आणि तास स्वतःच्या वहीत लिहून ठेवायचे.

पैसे कबूल करून बुडवले तर गोष्ट वेगळी. महिन्याचं वेतन पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत आणि काम सोडल्यास दोन कामाच्या दिवसांत द्यायला हवं, असं वेतन संहिता सांगते. थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. त्यासाठी जिल्ह्याचं कामगार कार्यालय गाठायचं. सर्टिफिकेट अडवून ठेवत असतील तर आधी कॉलेजच्या समन्वयकाला लेखी कळवायचं, कारण १२० तास पूर्ण झालेत की नाही हे बघणं हे त्यांचंही काम आहे.

भाच्याने त्याच रात्री सरांना मेसेज केला. पंधरा दिवस शिकेन, सही द्यावी, पुढे जुलैअखेरपर्यंत थांबेन पण रोजाने. मी शब्द जरा मवाळ करून दिले. दोन दिवस निळ्या खुणांशिवाय काही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं: “ठीक आहे. पंधरा दिवसांनंतर गाडीभाडं देऊ.”

भाचा खूश झाला, मोबाईल घेऊन आजीकडे गेला आणि वाचून दाखवलं. आईने लसूण सोलता सोलता मान वर केली.

“गाडीभाडं ठीक शे. मजुरी इचार.”